रिकामी गाडी, भरलेली गाडी

गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस सावर्ड्याच्या नाक्यावर उभं राहावं. मुंबईहून आलेली गाडी ओळखायला नंबरप्लेट वाचावी लागत नाही. तिचं मागचं अंग खाली बसलेलं असतं. टपावर ताडपत्रीखाली करकचून बांधलेल्या बॅगा, मागच्या काचेला टेकलेली मखराची खोकी, सात आसनांत दाटीवाटीने आठ माणसं, आणि मागचा टायर मडगार्डच्या आत निम्मा गडप झालेला. चिपळूण आणि कामथे मागे टाकून आलेली ही गाडी महामार्ग सोडते, डेरवणकडे किंवा मांडकीकडे वळते, आणि वाडीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्याच गतिरोधकावर तिच्या पोटाखालून खर्रकन आवाज येतो.

तीच गाडी वर्षाचे उरलेले महिने जवळजवळ रिकामी धावते. मुंबईत ती एका माणसाला कामावर नेते-आणते. इथल्या स्थानिक गाड्यांचंही तसंच आहे. सावर्ड्याहून रोज चिपळूणला जाणाऱ्या मास्तरांच्या गाडीत पुढे एक माणूस आणि मागे डब्याची पिशवी. मे महिन्यात मात्र त्याच गाडीत आंब्याच्या पेट्या चढतात. पाच डझनांची पेटी, फळ अडीचशे ग्रॅमचं धरलं तरी निव्वळ आंबा 15 किलो. अशा आठ पेट्या मागे ठेवल्या, की दोन धडधाकट माणसांचं वजन मागच्या चाकांवर आलंच.

‘ओझं’ हा विषय हाती घेऊन कोकणातल्या गॅरेजांकडे पाहिलं, की एक मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते: “मेस्त्री, गाडी मागून बसते, स्प्रिंगा बदलून जरा उचलून द्या.” मागणी साधी आहे, पण तिच्या उत्तरात दोन वाटा फुटतात. एका वाटेवर साधी, म्हणजे लिनिअर स्प्रिंग, दुसरीवर प्रोग्रेसिव्ह. दुकानदार दुसरी महागडी म्हणून पुढे करतो आणि गिऱ्हाईक महाग ते चांगलं मानून घेतं. खरं उत्तर गाडीवर किती ओझं असतं यापेक्षा ते किती बदलतं, यावर ठरतं.

जितकं दाबाल, तितका जोर

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1676 साली लॅटिन अक्षरांची उलटापालट करून एक कोडं छापलं आणि 1678मध्ये ते उलगडून सांगितलं. स्प्रिंग जितकी ताणावी, तितका तिचा जोर, एवढंच ते सूत्र. मोटारीची साधी स्प्रिंग आजही त्याच सूत्राने चालते. तिचा कडकपणा दर मिलिमीटरला 2 किलो असेल, तर 20 किलो ठेवल्यावर ती 10 मिलिमीटर दबते, 200 किलोला 100 मिलिमीटर. कागदावर आलेख काढला तर सरळ रेघ येते, म्हणून लिनिअर.

हा कडकपणा येतो कुठून? तीन गोष्टींतून. पहिली तारेची जाडी. तिचा परिणाम चौथ्या घाताने होतो, त्यामुळे 12 मिलिमीटरची तार 13 केली, की एका मिलिमीटरच्या फरकाने स्प्रिंग जवळजवळ 38 टक्के कडक होते. दुसरी वेढ्याचा व्यास. वेढा जितका रुंद, तितकी स्प्रिंग मऊ, आणि तीही घनाच्या प्रमाणात. तिसरी गोष्ट म्हणजे मोकळ्या, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. वेढे जास्त तर स्प्रिंग मऊ, कमी तर कडक. म्हणून काउंटरवर दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या करून कुठली कडक हे डोळ्यांनी ठरवता येत नाही.

या तिसऱ्या गोष्टीतून एक जुना धंदा चालतो. गाडी बुटकी आणि देखणी दिसावी म्हणून काही जण स्प्रिंग कापून घेतात. सहा मोकळ्या वेढ्यांतला एक कापला, तर गाडी खाली येते आणि स्प्रिंग 20 टक्के कडक होते. चाकाला वर जायला जागा कमी उरते, आणि टोक नीट बसेनासं होतं. चिपळूण-सावर्ड्याच्या परिसरात अशी गाडी घेऊन येणाऱ्याला चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, जपत पावलापावलाने जावं लागतं.

आणखी एक गोष्ट स्प्रिंग विकताना सहसा सांगितली जात नाही. स्प्रिंग चाकाच्या अगदी डोक्यावर नसते. ती एखाद्या आर्मवर किंवा बीमवर आतल्या बाजूला बसलेली असते. चाक 10 मिलिमीटर वर गेलं, तेव्हा स्प्रिंग 8 मिलिमीटर दबत असेल, तर चाकापाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या 64 टक्केच असतो, कारण इथे प्रमाणाचा वर्ग लागतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या दुसऱ्या मॉडेलच्या गाडीला अमुक आकड्याची स्प्रिंग छान बसली, हा दाखला आपल्या गाडीला लागू पडत नाही.

वेढे मिटत जातात तेव्हा

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगची युक्ती याच वेढ्यांच्या संख्येत आहे. तिचे वेढे सारख्या अंतरावर नसतात. एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. भार वाढत गेला, की दाट वेढे एकमेकांवर टेकून मिटतात आणि त्यांचं काम थांबतं. सहापैकी दोन मिटले, की चारच कामाला उरतात आणि स्प्रिंग दीडपट कडक होते. आणखी एक मिटला, की दुप्पट. काही कारखाने हाच परिणाम दुसऱ्या वाटेने साधतात: तार टोकांकडे बारीक करत नेतात, किंवा स्प्रिंगला पिंपासारखा फुगीर आकार देतात, म्हणजे वेढे एकमेकांच्या आत बसतात आणि कमी उंचीत काम होतं.

इथे दुकानात एक गल्लत हमखास होते. कंपनीतून आलेल्या पुष्कळ साध्या स्प्रिंगांच्याही टोकाला दोन-तीन वेढे दाट असतात. गाडी जमिनीवर उभी राहिली, की ते लगेच मिटतात; चाक खड्ड्यात लोंबकळलं तरी स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू नये, एवढंच त्यांचं काम. पुढे ती स्प्रिंग साधीच वागते. तेव्हा दाट वेढे दिसले म्हणजे स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह, असं मानू नये. ती कुठल्या भारापासून कुठल्या भारापर्यंत किती कडक होत जाते, हे आकडे विक्रेत्याने दाखवले पाहिजेत.

आकड्यांनी फरक कसा दिसतो, तेही पाहू. एका लहान गाडीच्या मागच्या एका चाकावर रिकाम्या स्थितीत 200 किलो आहेत आणि गाडी भरल्यावर 350 होतात, असं धरू. हिशोब सोपा राहावा म्हणून स्प्रिंग थेट चाकावरच आहे असंही मानू. दर मिलिमीटरला 2 किलोची साधी स्प्रिंग लावली, तर भरल्यावर गाडी 75 मिलिमीटर खाली बसते, म्हणजे तीन इंच. बसू नये म्हणून साडेतीन किलोची कडक साधी स्प्रिंग लावली, तर फक्त 43 मिलिमीटर बसते. पण मग रिकाम्या गाडीत बसणाऱ्याचे हाल सुरू होतात.

ते हाल मोजायची पद्धत आहे. गाडीचं अंग स्प्रिंगांवर सेकंदाला किती वेळा वरखाली होतं, ते बघतात. साधारण एक ते दीड झोके माणसाला सुखाचे वाटतात. दोनच्या पुढे गाडी कडक लागते. वरच्या हिशोबात 2 किलोच्या स्प्रिंगवर रिकामी गाडी सेकंदाला 1.6 झोके घेते आणि भरल्यावर 1.2. साडेतीन किलोच्या स्प्रिंगवर रिकामी 2.1 आणि भरलेली 1.6. आता 2 किलोपासून सुरू होऊन भाराबरोबर साडेतीनपर्यंत चढणारी प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग घेतली, तर रिकामी गाडी 1.6 आणि भरलेलीही 1.6. बसते साधारण 56 मिलिमीटर. बसण्यात ती दोन्ही साध्या स्प्रिंगांच्या मधोमध येते, आणि झोका मात्र भाराने बदलत नाही. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचं सगळं मोल या एका वाक्यात आहे.

पाट्यांचं जुनं शहाणपण

हे शहाणपण कोकणच्या रस्त्यावर फार जुनं आहे. फक्त ते मोटारीत न शोधता पिकअपमध्ये शोधायला हवं. हंगामात वाशीच्या मार्केटला आंबा घेऊन निघालेल्या पिकअपच्या मागच्या चाकापाशी वाकून पाहिलं, की पाट्यांचा जुडगा दिसतो. यू-बोल्टनी आवळलेले मुख्य पाटे आणि त्यांना जोडून, टोकं मोकळी सोडलेला हेल्पर पाटा. गाडी रिकामी असताना मुख्य पाटेच काम करतात. सव्वा-दीड टन माल चढला, की जुडगा खाली वाकतो, हेल्परची टोकं आपल्या टेकूला भिडतात आणि कडकपणा एकदम वाढतो. जाताना भरलेली आणि येताना रिकामी, अशा गाडीसाठी लोहारकामातून आलेला हा प्रोग्रेसिव्ह बंदोबस्तच आहे. जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकांतही तोच.

पाट्यांना आणखी एक गुण आहे आणि तोच त्यांचा दोषही. ते एकमेकांवर घासतात. त्या घर्षणाने झोका लवकर विझतो, पण लहानसहान खडबडीवर पाटे हलतच नाहीत आणि रिकामी पिकअप ढोपरं हलवते. 2000 साली आलेली महिंद्रा बोलेरो आजही मागे पाट्यांवर चालते आणि कोकणात तिच्यावर भरवसा आहे, तो मुख्यतः या भार पेलण्यामुळे. तिच्या मागच्या बाकावर एकट्याने बसलेल्या माणसाला मात्र त्या ताकदीची किंमत मोजावी लागते.

याच प्रश्नाचं सर्वांत समाधानकारक उत्तर शिवनेरीच्या व्होल्वो बसमध्ये आहे. तिच्या चाकांवर पोलादाऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या असतात. प्रवासी वाढले आणि बस खाली बसू लागली, की एक लेव्हलिंग व्हॉल्व्ह पिशवीत जास्त हवा सोडतो. बस पुन्हा मूळ उंचीवर येते आणि वाढलेल्या दाबामुळे पिशवी तितकीच कडक होते. म्हणून बस भरलेली असो की रिकामी, आतला डोल जवळजवळ सारखा राहतो. लाल एसटीत पाटे असतात. तिची शेवटची रांग रिकाम्या फेरीत किती आपटते, हे प्रवाशांना ठाऊक आहे. प्रोग्रेसिव्ह कॉइल स्प्रिंग ही या दोघींच्या मधली, मोटारीला परवडणारी सोय.

झोका आणि झटका

भरलेली गाडी ‘होडीसारखी हलते’ ही तक्रारही गॅरेजात नेहमीची. तिचं कारण मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करताना शोधून काढलं. रस्त्यावरचा उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि क्षणभराने मागच्यांना. मागचा झोका पुढच्यापेक्षा थोडा जलद असेल, तर उशिरा सुरू होऊनही तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वरखाली होते. मागचा झोका मंद असेल, तर नाक वर आणि शेपूट खाली अशी हेलकाव्यांची मालिका लागते. पोटात ढवळतं ते यामुळे.

आता आधीच्या हिशोबाकडे पाहिलं, की गुपित उलगडतं. पुढचा झोका सेकंदाला 1.4 धरला, तर रिकाम्या गाडीत मागचा 1.6, म्हणजे व्यवस्थित. साध्या मऊ स्प्रिंगवर गाडी भरली, की मागचा 1.2वर उतरतो आणि क्रम उलटा होतो. गाडीत ज्यांना कधीच उलटी होत नाही, त्यांनाही चिपळूण येईपर्यंत मळमळतं. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग मागचा झोका टिकवून धरते, म्हणून क्रम उलटत नाही.

सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतून तिथे रुग्ण येतात. त्यांच्या दृष्टीने ही चर्चा हौसेची राहत नाही. माणसाचं धड उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वांत जास्त संवेदनशील असतं; कंपनांच्या आंतरराष्ट्रीय मोजमापातही हाच पट्टा धरलेला आहे. मोडलेल्या मांडीला किंवा गरोदर बाईला खाटेवर आडवं करून नेताना कडक पाट्यांवरची रिकामी गाडी हाच त्रास पोचवते. काँक्रीटच्या महामार्गावर साधारण दर साडेचार मीटरला सांधा असतो. ताशी 80च्या वेगाने सेकंदाला जवळजवळ पाच सांधे चाकाखालून जातात, नेमके त्या पट्ट्यात. माल वाहण्यासाठी बनलेल्या गाडीवर रुग्णाची खाट बसवताना मागचे पाटे रुग्णाच्या वजनाला जुळवून घेणं ही माणुसकीची गरज आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं.

पण झोका विझवायचं काम स्प्रिंगचं नाही. ते शॉकअपचं. स्प्रिंग दबून उसळते. शॉकअप तेलाला बारीक भोकांतून ढकलून ती उसळी गिळतो. इथे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगची दुसरी बाजू समोर येते. वरच्या उदाहरणात रिकाम्या गाडीला शॉकअप शंभर टक्के पुरतो असं धरलं, तर भरलेल्या गाडीला साध्या स्प्रिंगवर तो 76 टक्के पुरतो आणि प्रोग्रेसिव्हवर 57 टक्केच, कारण तिथे वजन आणि कडकपणा दोन्ही वाढलेले असतात. म्हणजे महागडी स्प्रिंग आणि थकलेला शॉकअप ही जोडी जुन्या जोडीपेक्षा वाईट चालते. चाकणला गॅब्रिएल इंडियासारखा शॉकअपचा कारखाना आहे आणि चांगले सुटे भाग कोकणात मिळायला अडचण नाही. अडचण एवढीच, की गिऱ्हाईक स्प्रिंगचा खर्च करतं आणि शॉकअपचा पुढच्या वर्षावर टाकतं.

कुंभार्लीच्या वळणांवर

चिपळूणहून कराडकडे निघालं, की कुंभार्ली घाट लागतो. चढ, उतार, एकामागून एक वळणं, पावसाळ्यात धुकं आणि ओला रस्ता. इथे साध्या स्प्रिंगची बाजू घेणारे लोक भेटतात आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे.

वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर झुकतं. साध्या स्प्रिंगवर प्रत्येक अंशाच्या झुकण्याला सारखाच प्रतिसाद मिळतो. ड्रायव्हरच्या हातांना तो पाठ होतो. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला मऊ असते, म्हणून गाडी आधी चटकन झुकते आणि मग अडते. डावं वळण संपता संपता उजवं आलं, की हा बदल दोनदा जाणवतो. शिवाय बाहेरची स्प्रिंग जितकी कडक होते, तितकी आतली मऊ होत नाही. त्यामुळे वळणावर गाडीचं अंग थोडं वर उचललं जातं. उतारावर ब्रेक दाबला, की पुढचं नाकही आधी जास्त खाली जातं. शर्यतीच्या गाड्या जुळवणारे अभियंते साधारणपणे साध्या स्प्रिंगा पसंत करतात, कारण एकच कडकपणा असला, की त्याला शॉकअप नेमका जुळवता येतो आणि बिघाड कुठे आहे ते सापडतं.

या युक्तिवादात एक दुरुस्ती मात्र करायला हवी. आजच्या कुठल्याही मोटारीत स्प्रिंग एकटी नसते. शॉकअपच्या दांड्यावर फेसाळ पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप असतो. गाडी पुरेशी दबली, की तो कामाला लागतो आणि दबत जाईल तसा झपाट्याने कडक होतो. म्हणजे साधी स्प्रिंग आणि बंप स्टॉप मिळून शेवटच्या टप्प्यात प्रोग्रेसिव्हच वागतात, आणि कंपनीने तो टप्पा मोजूनमापून ठरवलेला असतो. जुन्या गाडीत हा बंप स्टॉप कुजून तुकडे झालेला असतो. मग दणका थेट पत्र्यावर पोचतो आणि दोष येतो स्प्रिंगवर.

घाटात झुकणं कमी करायला स्प्रिंग कडक करण्यापेक्षा स्टॅबिलायझर बार, त्याचे बुश आणि लिंक रॉड ठीक आहेत का ते आधी पाहणं शहाणपणाचं. झुकणं थोपवण्यासाठीच तो दांडा आहे, आणि दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो आड येत नाही.

तांबडी माती, गंज आणि रबराचा तुकडा

चिपळूण परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. 22 जुलै 2021च्या महापुरात चिपळुणातल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे आजही लोक विसरलेले नाहीत. या हवेत स्प्रिंगचा शत्रू भारापेक्षा गंज असतो.

चांगली स्प्रिंग सिलिकॉन आणि क्रोमियम मिसळलेल्या पोलादाची असते. तिच्यावर बारीक छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घट्ट करतात, म्हणजे तडा सुरू व्हायला जागा मिळत नाही, आणि वर पावडरचा रंग भाजतात. हा रंग सोलला गेला, की गंजाचा बारीक खड्डा पडतो, खड्ड्यातून तडा सुरू होतो आणि एक दिवस रिव्हर्स घेताना काडकन आवाज येऊन स्प्रिंगचं टोक तुटतं. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये वेढे मुळात एकमेकांना टेकण्यासाठीच असतात. त्यांच्यामध्ये जांभ्याची तांबडी माती अडकली, की ती रंग घासून काढते. म्हणून कोकणात अशी स्प्रिंग लावणाऱ्याने पावसाळ्यात गाडी धुताना पाण्याचा फवारा चाकाच्या आत, दाट वेढ्यांवर मारायला हवा. दाट वेढ्यांवर रबरी नळी चढवलेली स्प्रिंग मिळत असेल, तर तीही तपासावी, कारण नळीखाली पाणी साचून राहतं.

नवी स्प्रिंग परवडत नाही तेव्हा मेस्त्रीकडे किंवा ऑनलाइन एक स्वस्त उपाय मिळतो: दोन वेढ्यांमध्ये बसवायचा रबरी किंवा प्लास्टिकचा बफर. गाडी लगेच बोटभर उचलली जाते आणि मालक खूश होतो. घडतं ते असं, की त्या बफरने एक वेढा कायमचा बंद केला. गाडी भरलेली असो की रिकामी, स्प्रिंग आता कडकच राहणार. बंद वेढ्याच्या शेजारच्या तारेवर ताण एकवटतो, बफरखाली चिखल साचतो, आणि शॉकअप होता तसाच जुना. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये रिकाम्या गाडीचा मऊपणा शाबूत राहतो. बफरमध्ये नेमका तोच जातो.

काउंटरवर काय विचारायचं

ऑस्ट्रेलियात लांबच्या कच्च्या रस्त्यांसाठी ओल्ड मॅन एमू नावाने स्प्रिंगा विकणारी एआरबी कंपनी गिऱ्हाइकाला गाडीत कायमचं किती वजन असतं, हे आधी विचारते. एकाच मॉडेलसाठी हलक्या, मध्यम आणि जड भाराच्या वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात. हाच प्रश्न सावर्ड्यातल्या गॅरेजातही पहिला असायला हवा.

डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली आहे, ती बाराही महिने तिथेच राहणार. हा न बदलणारा भार आहे. त्याला थोडी कडक साधी स्प्रिंग पुरते. कारखान्यातून सीएनजीसह येणाऱ्या गाड्यांचं सस्पेन्शन कंपन्या याच वजनासाठी वेगळं जुळवतात. रोज एक-दोन माणसांनी चिपळूण गाठणाऱ्या, अधूनमधून कुंभार्ली चढणाऱ्या गाडीला कंपनीची साधी स्प्रिंग आणि नवे शॉकअप याहून चांगलं काही नाही. आणि वर्षातले बहुतेक दिवस रिकामी, काही आठवडे छतापर्यंत भरलेली अशी गाडी असेल, तर मागच्या चाकांना प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग खरोखर उपयोगी पडते. अट एवढीच, की ती त्या मॉडेलसाठी बनलेली असावी, तिचे भाराचे आकडे मिळावेत, आणि तिला जुळणारे शॉकअप सोबत बदलावेत. जर्मनीच्या आयबाखसारख्या नामांकित कंपन्यांच्या पुष्कळ प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगा गाडी बुटकी करण्यासाठी असतात. वाडीच्या चढावर चेंबर वाचवायचा असेल, तर त्या आपल्या कामाच्या नाहीत.

कुठलीही स्प्रिंग गाडीची वजन वाहायची परवानगी वाढवत नाही. सात आसनी गाडीचं एकूण मान्य वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांत साधारण 550 ते 650 किलोंचा फरक असतो. 65 किलोंची सात माणसं बसली, की 455 संपले. सामानाला शंभर-दोनशे किलो उरतात. स्प्रिंग बदलल्याने गाडी बसलेली दिसत नाही, पण टायर, ब्रेक, बेअरिंग आणि अ‍ॅक्सल तेच असतात. परशुराम घाटाच्या उतारावर ब्रेकना ते वजन कळतं. कायद्यानेही मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून नोंदणीतले तपशील वेगळे पडतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला भाग लावणं हा सुरक्षित रस्ता.

बसवून घेतानाही दोन गोष्टींवर हटून बसावं. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळावेत. नाही तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावीच, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात.

शेवटची तपासणी दिव्यांची. अडीच मीटर अंतराच्या चाकांची गाडी मागून 75 मिलिमीटर बसली, की दिव्याचा झोत 25 मीटरवर पाऊण मीटर वर चढतो. घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला जवळचा खड्डा दिसत नाही. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगने हा फरक कमी होतो, जात नाही. म्हणून नवी स्प्रिंग बसवली, की गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून झोताची उंची आधी रिकाम्या आणि मग भरलेल्या स्थितीत पाहून घ्यावी. पुष्कळ गाड्यांत स्टीअरिंगच्या उजवीकडे शून्य ते तीन आकड्यांची एक लहान चकती असते, ती याचसाठी आहे. सामान भरून झालं, की ती एक किंवा दोनवर न्यावी, आणि सामान उतरलं, की पुन्हा शून्यावर आणावी.